शेवटचा हात

"त्यांना विचार, हवेच्या फटी कुठं सोडल्यात," शमू म्हणाला.

बाबा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी दोघांच्या मधोमध, हातात चहाची किटली.

"बाबा, फटी कुठं सोडल्यात?"

"त्याला सांग, डोळे असतील तर दिसतील."

"डोळे असतील तर दिसतील म्हणतात."

"ऐकलं मी."

"ऐकलंस ना? मग मला कशाला मध्ये उभं करता दोघं? चहा निवतोय."

दोघांनी कप घेतले आणि दोन बाजूंना तोंडं करून प्यायले. शेडच्या दारात शमूची जुनी पांढरी एस्टीम पाठमोरी लावलेली होती, डिकी उघडी. डिकीतली स्टेपनी काढून त्यानं भिंतीला टेकवून ठेवली होती. त्या रिकाम्या खड्ड्यावर बसेल अशी पेटी बाबा करत होते. तिच्यात दोन ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी बसायचे होते. वर पारदर्शक झाकण, आत निळा दिवा, एका टोकाला हवा ओढणारा छोटा पंखा आणि दुसऱ्या टोकाला ती हवा बाहेर पडायला फटी. शमूनं हे सगळं चौकटीच्या कागदावर काढून माझ्या हातानं बाबांकडं पाठवलं होतं. तो तेव्हा त्याच आवारात, गाडीपाशी उभा होता.

आमचं घर नगरला. मी तेव्हा दवाखान्यात नर्स होते आणि आई गेल्यापासून बाबांजवळ मीच राहत होते. बाबा सुतार. घरावर पाटी होती, 'शांतवन पाटोळे, सुतारकाम'. पण खुर्ची-टेबलासाठी आमच्याकडं कुणी येत नसे. आमच्या चर्चच्या मंडळीतलं आणि आसपासच्या गावांतलं कुणी गेलं की पाळकसाहेबांच्या आधी बाबांना निरोप यायचा. बाबा शवपेट्या करायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. माझ्या धाकट्या भावानं, शमूनं, मात्र ते काम घेतलं नाही. तो सावेडीत गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवणाऱ्या एका दुकानात लागला आणि दुकानाच्या वरच्या खोलीतच राहायला गेला.

पुण्याला गाड्यांच्या साउंडची स्पर्धा होती. तिच्यासाठी शमूनं एका सुताराकडून पेटी करून घेतली. ती वाकडी झाली आणि डिकीत बसेना. तो मला दवाखान्याबाहेर भेटून हे सांगत होता तेव्हा मी म्हटलं, "बाबांना विचारू?"

तो बराच वेळ गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "तूच विचार."

बाबांना विचारलं. ते रंध्याचं पातं दगडावर घासत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला म्हणावं, माप पाठव."

असं ते काम सुरू झालं.

शमूनं दुकानातून एमडीएफची फळी आणली. बाबांनी तिच्यावर बोटाची पेरं वाजवली. "हे काय आहे, विचार त्याला."

"एमडीएफ," शमू परस्पर छपराकडं बघून म्हणाला.

"भुसा दाबून पापड लाटलाय. ह्याला लाकूड म्हणतात का?"

"त्यांना सांग, साउंडच्या कामात हेच वापरतात. घुमत नाही."

"त्याला सांग, सागवान पण घुमत नाही. सुतार घुमतो." बाबांनी ती फळी उचलून कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून लावली. मग एका पाडलेल्या घराचं दार आणलं आणि त्याच्या फळ्या सोडवायला घेतल्या.

शमू हसला नाही, पण त्यानं वादही घातला नाही. रोज दुकान सुटल्यावर उजेड असेपर्यंत तो यायला लागला. बाबा रंधा मारायचे, तो वायरी सोलायचा. निरोप माझ्यातून जायचे. कधी मी आत भाकरी करत असले तर दोघं नुसते थांबून राहायचे, पण एकमेकांना विचारायचे नाहीत. मी पिठाच्या हातानं बाहेर यायची. "काय?" मग शमू म्हणायचा, "त्यांना सांग, स्क्रू आतून मारा." आणि बाबा म्हणायचे, "त्याला सांग, मी स्क्रू मारतच नाही. सांधा करतो."

त्या दिवसांत बाबा काम करता करता गुणगुणायचे. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या कामात गुणगुणायची सोय नसते. माणूस गेल्यावर पेटी लागते आणि ती लगेच लागते. बाहेर बाकावर नातेवाईक बसलेले असतात, त्यांच्यातला एक जण दर थोड्या वेळानं दारात येऊन उभा राहतो. बाबांनी सगळं आयुष्य असं कुणीतरी दारात उभं असतानाच काम केलं होतं. ह्या पेटीला घाई नव्हती. एक सांधा मनासारखा बसला नाही म्हणून त्यांनी पूर्ण बाजू सोडवून परत केली.

एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "एस्तेर, त्याला म्हणावं, पेटी मनासारखी झाली तर इथंच बस. अर्धी शेड रिकामी करतो. वर खोली आहेच. पाटी त्याची लाव."

"तुमची पाटी?"

"माझ्याकडं पाटी बघून कोण येतं?"

मी शमूला सांगितलं. तो डिकीत डोकं घालून होता. तसाच राहिला. मग आतूनच म्हणाला, "त्यांना सांग, आधी पुणं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी बाबांनी शेडची डावी बाजू झाडून काढली. फळ्यांचा ढीग उजवीकडं नेला. झाडताना परत गुणगुणत होते.

पेटी अर्धी झाली असताना जेऊरकडचे दोघं दारात आले. "सलाम, शांतवनराव." त्यांच्या आवाजावरूनच कळलं. त्यांची म्हातारी चुलती गेली होती. त्यांनी खिशातून गुंडाळलेली सुतळी काढून दिली. आमच्याकडं माप सुतळीनं घेतात. माणूस गेल्यावर डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरायची, तिथं गाठ मारायची, आणि काम झालं की ती सुतळी पेटीतच ठेवून द्यायची. जिवंत माणसाचं माप कुणी घेत नाही. झोपलेल्याचंसुद्धा नाही. लहानपणी शमूनं खेळता खेळता माझ्या अंगावर सुतळी धरली म्हणून बाबांनी त्याला मारलं होतं.

बाबांनी शमूची पेटी पोतं टाकून झाकली आणि आंब्याच्या फळ्या ओढल्या. शमू त्या दुपारी सुट्टी काढून आला होता. तो गाडीपाशी बसून राहिला.

पेटी झाली. जेऊरच्या दोघांनी ती उचलली. दारातून बाहेर पडताना बाबा म्हणाले, "थांबा." त्यांनी उजव्या हाताचा पंजा झाकणाच्या कडेवरून चहूबाजूंनी फिरवला. एक कडी उघडी होती, ती हात फिरवता फिरवताच लावली. एका कोपऱ्यात झाकण जरा उचललेलं होतं, ते अंगठ्यानं दाबलं. ह्याला ते शेवटचा हात म्हणत. पेटी आमच्या दारातून बाहेर पडते तेव्हा तिचं काही उघडं राहता कामा नये, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. मुंबईहून दोन दिवसांनी आणलेल्या माणसासाठीही त्यांनी पेट्या केल्या होत्या, आणि माझ्या पेटीतून कधी थेंब बाहेर आला नाही, हे ते अभिमानानं सांगत. हात फिरवताना ते पेटीकडं बघत नसत. बोलत असत नाहीतर रस्त्याकडं बघत असत. हात आपला फिरायचा.

शमूनं ते पाहिलं आणि तोंड वळवलं. त्याच्या मनात काय आलं ते मला माहीत होतं.

आई आजारी होती त्या वेळी तो घरातच राहायचा. शेवटी शेवटी आईला पेज सोडून काही जात नव्हतं, पण ती बोलत होती, हसत होती, मला केस विंचरून दे म्हणत होती. एका सकाळी शमू करवत शोधायला शेडमध्ये गेला. मागच्या भिंतीशी चादरीखाली फळ्या होत्या. सागवानी, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या, सांधे पाडलेल्या. त्यानं एक फळी उभी करून पाहिली. मग घरात आला, आईच्या खाटेशी उभा राहिला आणि तिच्याकडं वरून खाली बघत राहिला. आई म्हणाली, "काय रे, असा काय बघतोस?" तो मागं फिरला आणि बाहेर गेला. बाबांशी बोलणं त्यानं त्या दिवसापासून सोडलं. आई पुढं महिनाभर होती. तो महिनाभर बाबा एका दारानं आत आले की हा दुसऱ्या दारानं बाहेर जायचा. आईला पुरून आल्यावर त्यानं कपडे भरले.

मी बाबांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. आमच्या घरात मी निरोप नेणारी होते. मला स्वतःला काही विचारायचं असेल असं कुणाला वाटत नसे, आणि बहुतेक मलाही वाटत नसे.

जेऊरचे लोक गेल्यावर बाबांनी हात धुतले, पोतं बाजूला केलं आणि परत शमूच्या पेटीला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला विचार, त्या फटी असायलाच हव्यात का? पुण्याच्या रस्त्यावर धूळ किती आहे. सगळं खोदून ठेवलंय."

शमू वायर सोलत म्हणाला, "त्यांना सांग, ॲम्प्लिफायर तापतो. एकाचं काम तर मीच खोलून केलंय, जुना आहे, तापला तर आपोआप बंद पडायची त्याची सोय गेलीय. त्याला श्वास लागतो."

"श्वास लागतो म्हणतोय," मी म्हटलं.

बाबा मान हलवत राहिले. "बरं," म्हणाले. "श्वास देऊ."

स्पर्धेच्या सकाळी मी उठले तेव्हा बाबा शेडमध्ये होते. शमू आला. गाडी रात्रभर तिथंच होती आणि बाबांनी पेटी तिच्यात बसवलेली होती. जुन्या दाराचं सागवान पॉलिश केल्यावर मधासारखं दिसत होतं. डिकीच्या आतल्या प्रत्येक वळणाला ती अशी बसली होती की कारखान्यातून तशीच आली असावी. शमू वाकला. त्यानं डोकं आणखी आत घातलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, फटी कुठं आहेत?"

मी बाबांकडं वळले. पण त्यांनी मला हातानं थांबवलं.

"शमू," ते म्हणाले. "इकडं ये. शोध."

शमू जागचा हलला नाही. मग हलला. त्यानं पेटीच्या टोकावरून बोटं फिरवली. नखानं खरवडून पाहिलं. कुठं रेघसुद्धा नव्हती.

"नाहीयेत," तो म्हणाला.

बाबांनी अंगठा टेकवून हलकेच सरकवला. लाकडाची एक पट्टी लाकडातच शिरली आणि तिच्यामागं फट दिसली. मग दुसरी, तिसरी. पंख्याच्या बाजूलाही तसंच. "धुळीत बंद ठेवायच्या. वाजवायचं असलं की उघडायच्या."

"दिसतच नाही हो कुठं, बाबा."

"दिसला तर सांधा कसला?"

शमूनं पट्ट्या बंद केल्या, उघडल्या, परत बंद केल्या. आवाज येत नव्हता. "ह्याला काय म्हणायचं तरी? बाबा, लोक वेडे होतील हे बघून."

"होऊ दे. तू नको होऊस. घाटात हळू चालव."

"पुण्याच्या रस्त्याला घाट नाही, बाबा."

"मग सरळ रस्त्यावर हळू चालव."

मी चहा आणायला आत गेले. किटली भरली आणि तिथंच उभी राहिले. बाहेर दोघं बोलत होते. बाबा विचारत होते निळा दिवा कशाला, आणि शमू सांगत होता की तो नुसता शोभेला. बाबा म्हणाले, शोभेचं काही असतं हे मला आता ह्या वयात कळतंय. शमू मोठ्यानं हसला. मी चहा बाहेर न्यायला मुद्दाम उशीर केला.

बाबांनी रविवारचा कोट घातला. शमूनं ॲम्प्लिफायर आत बसवले आणि म्हणाला, धुळीचं काही नाही, आतून जाळी लावलीय, मी पट्ट्या उघड्याच ठेवतो, तिथं घाईत राहून जायचं. त्यानं सगळ्या पट्ट्या स्वतः उघडल्या, मीही बघत होते. मग तो पुढं जाऊन बसला आणि गाडी सुरू केली. मी मागच्या सीटवर. शेजारच्या मार्थामावशी गेटपाशी आल्या होत्या. "शांतवनराव, आज कोट? लेकाचं लग्न काढलं का काय?"

"पेटी चाललीय पुण्याला," बाबा डिकीपाशी उभे राहून त्यांना म्हणाले.

"अगं बाई. कुणाची?"

"माझ्या पोराची," बाबा म्हणाले, आणि दोघंही एकदम गप्प झाले, कारण आमच्या वस्तीत ते वाक्य असं बोलत नाहीत. मग मार्थामावशी हसल्या, बाबाही हसले, त्यांनी डिकी लावली आणि पुढं येऊन बसले.

मैदानावर गाड्या रांगेत उभ्या होत्या. डिक्या उघड्या, आतून दिवे, आणि प्रत्येकीतून वेगळं गाणं. बाबा कानांवर हात ठेवून रांगेतून फिरून आले. "सगळ्यांचे सांधे उघडे आहेत," मला म्हणाले. "कापड चिकटवून झाकलेत."

परीक्षक आमच्या गाडीशी आले तोपर्यंत उन्हं चढली होती. शमूनं डिकी उघडली आणि गर्दी पुढं सरकली. कुणी आवाजाचं विचारतच नव्हतं. लोक लाकडाला हात लावत होते. एका परीक्षकानं चष्मा काढून पाहिलं.

"ही पेटी कुणी केली?"

"वडिलांनी," शमू म्हणाला.

"काय करतात ते?"

शमू किंचित थांबला. बाबाच म्हणाले, "शवपेट्या करतो."

परीक्षकांना ती गंमत वाटली. ते हसले, बाजूचे हसले. शमूही हसला, आणि त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी पाहिला. बाबांनीही तिकडं पाहिलं, मान न वळवता, नुसते डोळे.

शमूनं गाणं लावलं. आवाज हळूहळू वाढवत नेला. गाडीच्या काचा थरथरायला लागल्या, माझ्या छातीत ठोके बसायला लागले. परीक्षक हातातल्या यंत्राकडं बघून काहीतरी लिहीत होते. बाबांनी कानांवरचे हात काढले होते. ते पेटीकडं बघत होते. ती जरासुद्धा थरथरत नव्हती.

परीक्षक म्हणाले, आणखी थोडा वेळ चालू ठेवा. शमूनं ठेवलं.

आधी पारदर्शक झाकण आतून धुरकट झालं. मला वाटलं वाफ आहे. मग निळा दिवा तपकिरी दिसायला लागला. मग वास आला. शमू बॅटरीकडं धावला. कुणीतरी ओरडलं, मागं व्हा. झाकण मधोमध खाली बसलं, त्याला भोक पडलं आणि त्यातून ज्योत आली. दोन माणसं लाल नळकांडं घेऊन आली आणि त्यांनी पांढरी पावडर मारली. बराच वेळ मारत राहिले. माइकवरचा माणूस म्हणाला, "नगरच्या गाडीनं तर धूरच काढला." लोक हसले. मग पुढच्या गाडीचं गाणं सुरू झालं आणि गर्दी तिकडं गेली.

आम्ही तिघं राहिलो. पेटी आतून काळी आणि वरून पांढरी झाली होती. शमू फडक्यानं पावडर पुसत होता. तो एका टोकाशी आला, आणि थांबला. त्यानं अंगठा टेकवला, सरकवला. पट्टी लाकडात शिरली. तिच्यामागची फट स्वच्छ होती. धुराचा डागसुद्धा नव्हता.

त्यानं दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथंही सगळ्या पट्ट्या बंद.

"मी उघड्या ठेवल्या होत्या," तो म्हणाला. कुणाकडंच न बघता.

बाबा आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. पंजा उताणा धरून, जणू त्यात कुणी काहीतरी ठेवलं आहे. मला गेटपाशी उभ्या मार्थामावशी आठवल्या. बाबा त्यांच्याशी बोलत होते, रस्त्याकडं बघत होते. पेटी आमच्या दारातून बाहेर पडत होती.

"शमू," बाबा म्हणाले. "कधी फिरला, मला कळलं नाही."

शमूनं फडकं घडी करून डिकीत ठेवलं. मग माझ्याकडं वळला.

"ताई, त्यांना सांग."

"शमू, नको."

"त्यांना सांग, आई जिवंत असताना तिची पेटी केली. आज माझी केली."

बाबा तिथंच होते, हातभर अंतरावर. मी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

आम्ही दोघं एसटीनं परत आलो. बाबांच्या कोटाच्या बाह्यांवर पांढरी पावडर होती, ती त्यांनी झटकली नाही. शिरूरच्या पुढं गेल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सगळ्यांच्या पेट्या घाईत केल्या. माझ्या आईची पण. दारात माणसं उभी असतात, एखादा सांधा तसाच सुटतो. तुझ्या आईची घाईत करायची नव्हती. सुतळी नाही धरली मी. तिची उंची मला पाठ होती."

"हे त्याला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"त्यानं विचारलं नाही."

"आता सांगू?"

"सांग."

मी दुसऱ्याच दिवशी सावेडीला गेले. शमू दुकानात एका गाडीचं दार खोलून बसला होता. मी जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता. त्यानं ऐकून घेतलं. "सांगितलंस ना?" म्हणाला. "बरं." आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

ती पेटी त्यानं गाडीतून काढून एका टेम्पोवाल्याच्या हाती घरी पाठवून दिली. तो स्वतः पुढच्या पावसाळ्याआधी मस्कतला गेला. बाबांनी पेटी धुतली, वाळवली. मग पकडीनं एकेक पट्टी खाचेतून ओढून काढली आणि चुलीत घातली. फटी तशाच उघड्या. ती पेटी त्यांनी शेडच्या डाव्या, झाडून ठेवलेल्या बाजूला मधोमध ठेवली. तिथं दुसरं काही कधी ठेवलं नाही.

कुणी सुतळी घेऊन आलं की ते म्हणत, "आता होत नाही." लोकांना वाटलं, वय झालं. दिवसभर ते उजवा हात कोटाच्या खिशात घालून बसत. उन्हाळ्यातही कोट असे. जेवताना मी हात धुवायला पाणी पुढं केलं की तो बाहेर निघे. जेवण झालं की परत आत.

असे ते पुष्कळ वर्षं जगले. शमू मला फोन करायचा. बाबा शेजारी बसलेले असायचे. "त्यांना विचार, बरे आहेत का?" "बरे आहेत म्हणतात." "त्याला विचार, जेवतो का वेळेवर?" "जेवतो म्हणतोय." ह्यापुढं ते कधी गेलं नाही. मी फोन बाबांच्या कानाला लावायला गेले की ते मान मागं घेत.

बाबा गेले तेव्हा शमूला रजा मिळाली नाही. मिळाली नाही असं तो म्हणाला. नगरला पेट्या करणारं आता कुणी उरलं नव्हतं. पाळकसाहेबांनी गाडी पाठवून तयार पेटी विकत आणवली. प्लायवूडची, वर चकचकीत कागद चिकटवलेला.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर त्याचा फोन आला.

"झालं?"

"झालं."

"पेटी कुणी केली?"

"विकतची."

"कशी होती?"

"सांधे उघडे होते. डोक्याकडं बोट जाईल एवढी फट होती."

"बाहेर काढताना शेवटचा हात?"

"मी फिरवला."

"मग?"

"फट राहिली. बंद होण्यासारखं तिथं काही नव्हतं."

फोन तुटला असं वाटून मी बघितलं. चालू होता.

"ताई," तो म्हणाला. "त्यांना सांग."

मी वाट पाहिली.

"काय सांगू, शमू?"

मी फोन कानाला धरून उभी राहिले. त्याच्या खोलीत पंखा फिरत होता, तेवढा ऐकू येत होता.